सेटिंगमध्ये ढकललेली जबाबदारी

"ते कॉन्फिगरेबल ठेवलंय."

आपल्या धंद्यात हे वाक्य म्हणजे सगळ्या भांडणांवरचा रामबाण. किलोमीटर की मैल, तारीख आधी की महिना आधी, दशांश दोन घर की चार... मीटिंगमध्ये अर्धा तास डोकेफोड होते, कुणीतरी घड्याळाकडे बघतं, आणि मग टीम लीड हे वाक्य टाकतो. सगळे खूश. निर्णय कुणीच घेतलेला नसतो, पण यादीत एक फीचर मात्र वाढलेलं असतं. टेस्टिंगवाले डिफॉल्टवर चार केसेस चालवतात आणि शुक्रवारी संध्याकाळी रिलीज.

या विकांताला मला या वाक्याशी भांडायचंय. भांडणासाठी मुद्दाम विमानातल्या जीपीएसचा सेटिंग मेनू निवडलाय. वेबसाइटवरचं चुकलेलं सेटिंग फार तर कुणाला तरी चुकीच्या तारखेचं तिकीट काढून देतं. विमानात मात्र समोर डोंगर असतो, आणि डोंगराला सपोर्ट तिकीट टाकता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हिंगोलीच्या पोराला विमानाशी काय देणंघेणं? बरोबर आहे. १ मे १९९९ ला परभणीतून फुटून झालेला आमचा जिल्हा, पाच तालुके, विमानतळ शून्य. विमान बघायचं तर नांदेडला जायचं. पण आमच्या आभाळातून विमानं जातातच. २०१५ आणि २०१९ साली कृत्रिम पावसासाठी औरंगाबादहून विमानं उडाली तेव्हा अख्खा मराठवाडा मान वर करून बसला होता. अशा कामात जमिनीवरच्या रडारला ढग दिसतो आणि वरच्या वैमानिकाला त्याची जागा सांगावी लागते. म्हणजे काही आकडे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. माझं सगळं म्हणणं या आकड्यांबद्दलच आहे.

आकडा तोच, गाव वेगळं

हिंगोली शहर साधारण १९ अंश ४३ मिनिटं उत्तर आणि ७७ अंश ९ मिनिटं पूर्व इथे आहे. आता हे जीपीएसमध्ये टाकायचं. एका अंशात ६० मिनिटं असतात हे शाळेत सगळे शिकलो. पण युनिटचा फॉरमॅट "दशांश अंश" वर ठेवलेला असेल आणि घाईत कुणी १९.४३ आणि ७७.०९ टाकलं, तर युनिट तक्रार करणार नाही. कारण तो आकडा वैधच आहे. फक्त तो हिंगोलीचा नाही. हिंगोलीचा दशांशातला आकडा १९.७२ आणि ७७.१५ असा येतो. चुकीचा ठिपका सुमारे ३२ किलोमीटर दक्षिणेला, औंढा आणि वसमतच्या मधल्या कुठल्यातरी शिवारात पडतो.

दुसरा प्रकार आणखी बारीक. विमानात "अंश, मिनिटं आणि मिनिटाचा दशांश" असं लिहायची पद्धत जास्त, आणि नकाशावर बऱ्याचदा "अंश, मिनिटं, सेकंद" असतं. १९ अंश ४३.५० मिनिटं आणि १९ अंश ४३ मिनिटं ५० सेकंद हे दिसायला भाऊ-भाऊ. पण .५० मिनिटं म्हणजे ३० सेकंद. फरक २० सेकंदांचा, जमिनीवर सहाशे मीटरच्या थोडा वर. ३२ किलोमीटरची चूक निदान डोळ्यात भरते तरी. सहाशे मीटरची चूक "ठीक आहे, आलं जवळ" म्हणून खपून जाते.

तिसरं सेटिंग डेटमचं. अक्षांश-रेखांश मोजायचे तर आधी पृथ्वीचा आकार गृहीत धरावा लागतो, आणि तो वेगवेगळ्या काळात वेगवेगळा धरला गेला. यात आमच्या भागाचाही वाटा आहे बरं का! विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ सुरू केलेली आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेलेली ती महामोजणी बीदरकडून वऱ्हाडातल्या एलिचपूरकडे, म्हणजे आजच्या अचलपूरकडे, वर सरकली ती आमच्या बाजूनेच. लॅम्बटन तर १८२३ साली हिंगणघाटला वारले. या मोजणीतून एव्हरेस्ट यांनी १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे काढले, त्यांवर भारताचे नकाशे पिढ्यान्पिढ्या चालले. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस-८४ नावाचा दुसरा आकार धरतं.

हिंगोलीसाठी मी दोन्हींतला फरक काढून पाहिला. नेहमीचे रूपांतराचे आकडे वापरले तर दीडशे मीटरच्या आसपास येतो. मोठी विमानं उतरतात त्या धावपट्टीची रुंदी सहसा ४५ मीटर असते. म्हणजे जुन्या नकाशावरून उचललेला ठिपका डेटम न बघता टाकला, तर तुम्ही धावपट्टीवर नाही, तिच्या शेजारच्या सोयाबीनमध्ये आहात.

गंमत म्हणजे विमानवाहतुकीच्या जगात या प्रश्नाचं उत्तर कधीच ठरलंय. १ जानेवारी १९९८ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेनं डब्ल्यूजीएस-८४ हाच मापदंड धरला. भारतानंही २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणात सर्वांसाठीच्या नकाशांकरता तोच घेतला. तरी अनेक युनिट्समध्ये डेटमची लांबलचक यादी मेनूत असते, आणि त्यात आपला "इंडियन" सुद्धा असतो. नाव वाचून कुणालाही वाटणार, आपण भारतात आहोत तर हाच निवडू! बहुतेक युनिट्समध्ये डेटाबेसमधले विमानतळ आणि पॉइंट जागेवरच राहतात. सरकतो फक्त हातानं टाकलेला पॉइंट. त्यामुळे चूक लवकर लक्षातही येत नाही.

चौथं, सुईची मोजपट्टी. जीपीएसवरून चालताना मार्गापासून किती हटलो हे एक सुई दाखवते. सुई पूर्ण टोकाला गेली म्हणजे किती अंतर? ते मोडवर ठरतं. जुन्या प्रकारच्या युनिटमध्ये लांबच्या प्रवासात ५ नॉटिकल मैल, नव्यात २, विमानतळाच्या परिसरात १ आणि उतरताना ०.३. म्हणजे एकच "सुई अर्धी हटली आहे" हे दृश्य एका वेळी साडेचार किलोमीटर सांगतं आणि दुसऱ्या वेळी पावणेतीनशे मीटर. मोजपट्टी आपोआप बदलण्यावर ठेवता येते किंवा हातानं बांधून टाकता येते. काचेवर सुई तीच आणि रंग तोच. अर्थ मात्र कोपऱ्यातल्या दोन-तीन अक्षरांत दडलेला.

पाचवं, उत्तर कुठली? चुंबकीय की खरी? आमच्याकडे या दोन्हींतला फरक एका अंशाच्याही आत आहे. म्हणून इथे हे सेटिंग कसंही ठेवा, काही बिघडत नाही. मला सगळ्यात धोकादायक वाटतं ते हेच. ज्या सेटिंगची चूक घरी कधी दिसतच नाही, त्याची सवय पक्की होते. मग तेच युनिट, तोच माणूस अलास्कासारख्या ठिकाणी गेला की फरक दहा-पंधरा अंशांचा. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये पास आणि प्रॉडक्शनला नापास, ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही.

हे सगळं कागदावरचं नाही

"एवढं कुणी चुकतं का राव!" असं वाटत असेल तर ही यादी वाचा.

३ सप्टेंबर १९८९, ब्राझील. वारिग कंपनीचं बोइंग ७३७ माराबाहून बेलेंला निघालं. कागदावर दिशा लिहिली होती ०२७०. अर्थ होता २७.० अंश, म्हणजे जवळजवळ उत्तर. शेवटचं शून्य दशांशाचं होतं, पण दशांशचिन्ह छापलेलंच नव्हतं. ही चार आकड्यांची पद्धत कंपनीनं नव्यानं आणलेली. कॅप्टननं २७० लावलं, म्हणजे थेट पश्चिम. विमान रात्री ॲमेझॉनच्या जंगलावर भरकटलं, इंधन संपलं आणि झाडांवर उतरवावं लागलं. डझनभर माणसं गेली.

२० डिसेंबर १९९५, कोलंबिया. अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७ मायामीहून कालीला चाललेलं. "रोझो" नावाच्या दिशादर्शकाकडे जायचं होतं आणि छापील चार्टवर त्याची खूण होती "आर". कॉम्प्युटरमध्ये "आर" टाकलं की यादीत पहिला यायचा तो बोगोटाजवळचा "रोमिओ". रोझो हवा असेल तर त्याचं नाव पूर्ण टाकावं लागायचं. विमान दिलेल्या हुकुमाप्रमाणे वळलं आणि थोड्या वेळानं डोंगरावर आदळलं. १६३ पैकी १५९ माणसं गेली.

याच्याआधीची, १ सप्टेंबर १९८३ ची गोष्ट तर आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान ठरलेला मार्ग सोडून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानं ऑटोपायलटवर बोट ठेवलं. तो मार्ग पाळणाऱ्या यंत्रणेशी जोडलेला नव्हता, ठराविक दिशा धरून चालत होता, आणि ते तासन्तास कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच महिन्यात अमेरिकेनं जाहीर केलं की तयार झाल्यावर जीपीएस नागरी वापरासाठी खुलं राहील. म्हणजे आज आपण पिझ्झावाल्याला "लोकेशन पाठवतो" म्हणतो, त्या सोयीच्या मुळाशी एका मोडचा हा घोटाळा आहे.

आणि १० मार्च २०१५. सिडनीहून क्वालालंपूरला निघालेलं एअरएशिया एक्सचं एअरबस. जमिनीवर उभं असताना जागेचा रेखांश टाकायचा होता १५१ अंश ९.८ मिनिटं, टाकला गेला १५ अंश १९.८ मिनिटं. एक आकडा इकडचा तिकडे. विमानाच्या मेंदूला वाटलं आपण सुमारे ११ हजार किलोमीटर दूर आहोत! उडाल्यावर यंत्रणा गोंधळल्या, सिडनीचं हवामान बिघडलेलं, शेवटी मेलबर्नला उतरवलं. सगळे सुखरूप. ऑस्ट्रेलियाच्या चौकशीत एक ओळ अशी आहे, जी प्रत्येक प्रोग्रॅमरनं भिंतीवर लावावी: ही चूक आपोआप अडवणारी सुधारित यंत्रणा उपलब्ध होती, या विमानात बसवलेली नव्हती.

दोष कुणाच्या नावावर लिहायचा?

इथे माझं खरं भांडण सुरू होतं. अपघातानंतर पहिला शब्द येतो "मानवी चूक". आपल्याकडे त्याचा लहान भाऊ आहे, "युजर एरर". तिकीट बंद करायला याच्यासारखं सोपं कारण नाही.

२८ नोव्हेंबर १९७९ ची एअर न्यूझीलंडची अंटार्क्टिका सहल आठवा. प्रवासी बर्फ बघायला गेले होते. विमान एरेबस पर्वतावर आदळलं, २५७ जण गेले. पहिल्या अधिकृत अहवालानं वैमानिकांना दोषी धरलं. नंतर न्यायमूर्ती पीटर महॉन यांच्या चौकशी आयोगानं १९८१ साली खोलात जाऊन पाहिलं. वैमानिकांना ब्रीफिंगमध्ये दाखवलेला मार्ग समुद्राच्या खाडीवरून जात होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये शेवटच्या पॉइंटचे आकडे "दुरुस्त" करण्यात आले. दोन अंशांचा फरक, जमिनीवर ४० किलोमीटरच्या वर. नवा मार्ग थेट पर्वतावरून. आणि वैमानिकांना हे कुणी सांगितलंच नाही!

महॉन यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांवर जे कट-कारस्थानाचे शेरे मारले होते त्यांच्याविरुद्ध वरच्या न्यायालयांनी निर्णय दिला, हेही खरं. पण न सांगता बदललेले आकडे हे सत्य त्यामुळे पुसलं जात नाही. सरकारच्या वतीनं पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी कुटुंबीयांची माफी मागितली ती २८ नोव्हेंबर २०१९ ला. चाळीस वर्षं! मेलेल्या माणसाच्या नावावर टाकलेला दोष खाली उतरवायला एवढा वेळ लागतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी रात्री प्रॉडक्शनचा कॉन्फिग बदलला आणि रिलीज नोट पाठवली नाही. बदल योग्यच होता, आधीचा आकडाच चुकीचा होता, पण ज्याचा जीव त्या आकड्यावर होता त्याला कळवलं गेलं नाही. आता खरं सांगा, तुमच्या प्रोजेक्टमध्ये असं किती वेळा होतं?

कालीच्या खटल्याचंही बघा. २००० साली अमेरिकेतल्या ज्यूरीनं दोषाची वाटणीच करून दिली. विमान कंपनी ७५ टक्के, डेटाबेस पुरवणारी जेपसन १७ टक्के आणि कॉम्प्युटर बनवणारी हनीवेल ८ टक्के. मोठा वाटा उडवणाऱ्यांचाच, आणि तो असायलाही हवा. पण बाकीचे २५ टक्के? ते तुमच्या-आमच्यासारख्या, एसीत बसून यादीचा क्रम ठरवणाऱ्या लोकांच्या खात्यावर आहेत.

नेहमीचे आक्षेप

पहिला: "वैमानिकाला ट्रेनिंग असतं." असतंच. वर सांगितलेल्या सगळ्या कॅप्टनांना होतं. एअरएशियाच्या कॉकपिटमध्ये चूक पकडायच्या संधी एकाहून जास्त आल्या आणि प्रत्येक वेळी निसटल्या. ट्रेनिंगनं माणूस सावध होतो. पण दोन सारख्या दिसणाऱ्या आकड्यांतला न छापलेला दशांश ट्रेनिंगमुळे दिसायला लागत नाही.

दुसरा: "मॅन्युअलमध्ये लिहिलंय." हो, लिहिलंय. कुठेतरी परिशिष्टात. मॅन्युअलमध्ये लिहिणं म्हणजे वकिलाची सोय. वापरणाऱ्याची सोय करायची तर जे सांगायचंय ते त्या क्षणी, त्या पडद्यावर सांगावं लागतं.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे: "मग काय, सगळी सेटिंग्ज काढून टाकायची? माणसाच्या हातात काही ठेवायचंच नाही?" नाही, तसं अजिबात नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अमृतसर-जम्मूकडच्या सीमाभागात जीपीएसच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ झाल्याच्या ४६५ घटना नोंदल्याचं सरकारनं लोकसभेत सांगितलं. खोटा सिग्नल येत असेल तर वैमानिकाला "या जीपीएसवर विश्वास ठेवू नको" असं यंत्राला सांगता आलंच पाहिजे. तो स्विच हवाच, आणि हाताशी हवा.

आपल्या "गगन" यंत्रणेचंही तसंच. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणानं मिळून उभारलेली ही यंत्रणा जीपीएसच्या चुका सुधारून देते. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं विमान तिच्या आधारानं राजस्थानातल्या किशनगढला उतरलं. जिथे जमिनीवर महागडी उपकरणं नाहीत अशा आमच्यासारख्या भागातल्या छोट्या धावपट्ट्यांसाठी तर हे वरदान आहे. काही युनिट्समध्ये अशी सुधारणा घ्यायची की नाही याचं सेटिंग असतं. ते असायला माझी ना नाही.

माझं म्हणणं एवढंच की सेटिंग दोन जातींची असतात. एका जातीत माणूस यंत्राला सांगतो काय *कर*: हा सिग्नल घे, हा सोड, इतक्या उंचीवर थांब. या जातीला माझा विरोध नाही. दुसरी जात यंत्रात गुपचूप ठरवते की समोरच्या आकड्याचा *अर्थ* काय. अंश की दशांश, कुठला डेटम, कुठली उत्तर, सुईची पट्टी किती. ही जात विषारी आहे, कारण ती एकदा लावून विसरली जाते, आणि तिच्यामुळे बरोबर आकडाही खोटं बोलायला लागतो. आपण दोन्ही जाती एकाच "प्रेफरन्सेस" च्या गोठ्यात बांधतो, पडद्याचा रंग निवडायच्या शेजारी!

आता हे आपल्या बांधावर आलंय

वैमानिक म्हणजे टाय लावलेला कॅप्टन, हे चित्रही आता जुनं झालं. २०२१ च्या ड्रोन नियमांनी ड्रोनही विमानाच्या चौकटीत आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायची योजना मंजूर केली. आमच्याकडे सोयाबीन आणि हळदीच्या रानावर फवारणीचा ड्रोन फिरताना बघायला पोरंसोरं जमतात. म्हणजे विमानाचं सेटिंग आता आमच्या बांधावर बसून करतात.

मागच्या दिवाळीत गावाकडे असा एक ड्रोन बघायला गेलो. चालवणाऱ्या ताई बचत गटातल्या, प्रशिक्षण घेतलेल्या, हात एकदम सराईत. मी आयटीतला म्हटल्यावर त्यांनी मेनू पुढे केला. सगळा इंग्रजीत. सिग्नल तुटला की ड्रोननं किती उंचीवरून घरी परत यायचं, तो आकडा होता. ताईंनी विचारलं, "दादा, हे मीटर कुठून धरायचं? मी उभी हाय तिथून, का खालच्या पिकापासून? आमचं रान तर चढाचं हाय, आन् वरच्या अंगाला लाइटीची तार हाय."

मंडळी, अख्ख्या मेनूत नसलेला प्रश्न त्या बाईंनी एका वाक्यात विचारला. साधारणपणे ही उंची ड्रोन जिथून उडाला तिथून मोजतात. चढाच्या रानात वरच्या टोकाला जमीन दहा मीटर वर असेल तर ड्रोनची उंची तिथे दहा मीटरनं कमी. तार आहेच. पडद्यावर फक्त आकडा आणि पुढे "मी". कुठून, ते नाही. बनवणाऱ्याला एक शब्द जास्त लिहायचा होता. नाही लिहिला. उद्या ड्रोन तारेत गेला तर पंचनाम्यात काय येईल? "चालकाचा निष्काळजीपणा."

उंचीचंच आणखी एक. कच्चं जीपीएस पृथ्वीच्या गणिती आकारापासून उंची मोजतं, समुद्रसपाटीपासून नाही. आमच्या भागात या दोन्हींत साधारण सत्तर मीटरचा फरक पडतो. भूमी अभिलेखवाले हल्ली रोव्हरनं मोजणी करतात, ड्रोननं गावठाणं मोजली जातात, औंढ्याजवळ लायगो-इंडियाची चार-चार किलोमीटरच्या बाहूंची वेधशाळा मंजूर आहे. तिला तर वेळही जीपीएसचीच लागते, आणि २०१७ च्या सुरुवातीपासून जीपीएसचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. शास्त्रज्ञांना हे १८ सेकंद पाठ असतात. ताईंना सत्तर मीटर कोण सांगणार? त्यांच्या हातातलं यंत्र कमी जिवाचं नाही, फक्त त्यांच्यामागे चौकशी आयोग बसणार नाही एवढाच फरक.

मग करायचं काय?

नुसती बोंब मारून थांबत नाही, माझ्या मागण्या लिहून देतो.

एक. ज्या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर आहे, त्याचं सेटिंग नको. विमानाच्या युनिटमध्ये डेटम बदलायची सोय नेव्हिगेशनच्या मेनूत असूच नये. जुना नकाशा वाचायचा असेल तर वेगळं रूपांतराचं साधन द्या.

दोन. आकडा आणि त्याचा अर्थ एकमेकांपासून तोडू नका. एकक, पद्धत, "कुठून मोजलं" हे आकड्याच्या शेजारीच हवं, तीन पडदे आत नको. वारिगच्या कागदावर एक टिंब असतं तर?

तीन. यंत्राला जे आधीच माहीत आहे, त्याच्याशी टाकलेला आकडा ताडून बघा. विमान काल रात्री सिडनीत उभं केलेलं आहे आणि सकाळी कुणी ते ११ हजार किलोमीटर दूर आहे म्हणतंय, तर विचारा की, "खरंच का?" हा एक इफ-कंडिशनचा खर्च आहे.

चार. अर्थ बदलला की ज्याच्यावर परिणाम होणार त्याला कळवा. लॉगमध्ये लिहिलं म्हणजे कळवलं असं होत नाही. एरेबसच्या वेळीही ऑफिसात कुणाला ना कुणाला माहीत होतंच.

पाच. वापरणाऱ्याच्या भाषेत लिहा. आणि "घरवापसी उच्चता विन्यास" असलं सरकारी मराठी नको हं! "सिग्नल तुटल्यावर परतीची उंची, उडालेल्या जागेपासून" एवढं पुरे.

यावर कुणी म्हणेल, आम्ही विमानाचं सॉफ्टवेअर लिहीत नाही, बँकेचं नाहीतर हॉस्पिटलचं लिहितो. बरं. हॉस्पिटलात औषधाचा डोस मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम हे कुठे ठरतं? बँकेत ०४/०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल? विम्याचा हप्ता त्या तारखेवर बुडत असेल तर एखाद्याच्या घराचा तोही डोंगरच आहे.

तेव्हा सोमवारी एक काम करा. आपल्या प्रॉडक्टचं सेटिंगचं पान उघडा आणि प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहा. यानं आकड्याचा अर्थ बदलतो का? बदलला आणि कुणाला कळलं नाही, तर नुकसान कुणाचं? पहिल्याचं उत्तर "हो" आणि दुसऱ्याचं "आपलं नाही" असं जिथे जिथे येईल, ती ओळ बगलिस्टमध्ये टाका, सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीनं. मॅनेजर "हे तर सेटिंग आहे, बग कुठाय?" म्हणाला, तर त्याला कालीच्या ज्यूरीची टक्केवारी सांगा. आठ टक्के ऐकायला कमी वाटतात. १५९ माणसांवर लावून बघा.